सगळ्यांच्या दीदी

आत्माराम पाटणकरांना लखनौत येऊन वीसेक वर्षं झाली, तरी साताऱ्याकडचा हिसका काही गेला नाही. बँकेत कुणी अर्ज चुकीचा भरून आणला की ते 'गलत है' एवढंच म्हणत आणि कागद परत सरकवत. तीच गोष्ट त्यांच्या शेजारी बसणारा इथला कारकून अशा गोडीनं सांगे, की माणूस चूक दुरुस्त करायला घरी परतला तरी आपलं काम झालं अशाच समजुतीत परते. अमीनाबादच्या त्या शाखेत येणारे लोक म्हणत, "पाटणकर साहब बहुत साफ़ बोलते हैं." पाटणकर ही स्तुती समजत. ती निम्मी तक्रार होती हे त्यांच्या बायकोला, अरुणाताईंना, पहिल्याच वर्षी कळलं होतं. पण सांगून उपयोग काय, पालथ्या घड्यावर पाणी.

माणूस नाकासमोर चालणारा, पण स्वस्थ बसणं त्याच्या कुंडलीत नव्हतं. खुर्चीत बसले की एक गुडघा सारखा हलायचा, उभे राहिले की हात खिशातली बडीशेप चाचपायचा. त्यात शहाण्णव सालच्या श्रावणाच्या शेवटी कुसुम माथुरांनी विधानसभेचा अर्ज भरला, आणि पाटणकरांच्या पायाला भिंगरीच लागली.

कुसुम माथुर म्हणजे सगळ्यांच्या दीदी. वकील, पन्नाशीच्या, जुन्या कायस्थ घराण्यातल्या. लग्न केलं नाही, कुठल्या पक्षात टिकल्या नाहीत. एका खटारा स्कूटरवरून शहरभर हिंडायच्या. मलमलीवर चिकनचा कशिदा काढणाऱ्या बायकांना दलाल नागवायचे, त्यांच्यासाठी दीदी कोर्टात गेल्या. गोमती नगरच्या नव्या वसाहतीला पाणी मिळेना, तेव्हा त्याच कोर्टात उभ्या राहिल्या. बख्शी का तालाबच्या बाजूच्या एका गावात दलितांच्या मुलांना शाळेच्या हौदावर येऊ देत नव्हते, तिथं त्या स्वतः मुलांचा हात धरून पाणी पिऊन आल्या. अयोध्येतल्या मशिदीच्या वेळच्या वाईट दिवसांत दोन मोहल्ल्यांच्या मधे खुर्ची टाकून बसल्या होत्या, त्याची गोष्ट तर रिक्षावालेही सांगत. मतदारसंघही असा विचित्र कापलेला, की जुन्या गल्ल्या, नवी वसाहत आणि खेडी सगळी एकाच गाठोड्यात होती.

पाटणकरांशी त्यांची ओळख बँकेतच झाली. कशिदा काढणाऱ्या पाच-सहा बुरखेवाल्या बायका घेऊन त्या खाती उघडायला आल्या. खातं उघडायला ओळख देणारा खातेदार लागतो, आणि या बायकांना ओळख द्यायला त्यांचे घरचेच राजी नव्हते. मॅनेजर टोलवाटोलवी करत होता. पाटणकर उठले, म्हणाले, "मैं देता हूँ ओळख," आणि सह्या करून मोकळे झाले. दीदी त्या मराठी शब्दावर हसल्या होत्या. तेव्हापासून शाखेत आल्या की पाटणकरांच्या टेबलाशी चहा ठरलेला.

त्या दिवशीही त्या जेवणाच्या सुट्टीत आल्या, पण चहाकडे लक्ष नव्हतं. सकाळी एका मोठ्या पक्षाचा माणूस घरी येऊन गेला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. तुम्ही अर्ज मागं घ्या, आमच्या उमेदवाराची मतं फोडू नका, आम्ही तुम्हाला विधान परिषदेवर घेतो.

"वहाँ बैठकर कारीगर औरतों का क़ानून तो रख सकूँगी," दीदी म्हणाल्या. "लड़ी और हार गई, तो न यह रहा, न वह. आप बताइए, पाटणकरजी. बैठ जाऊँ कि लड़ूँ?"

"मैं क्या बताऊँ? बँकेच्या नोकरीत आम्हाला प्रचाराची बंदी आहे," पाटणकर गडबडून अर्धं मराठीतच बोलले.

"प्रचार मत कीजिए, बस पूछिए. आप यहाँ किसी के नहीं हैं. न ठाकुर, न पंडित, न शिया, न सुन्नी. आपसे लोग सच बोलेंगे."

एवढं ऐकल्यावर पाटणकर हरभऱ्याच्या झाडावर चढले नसते तरच नवल. वीस वर्षं या शहरात परका म्हणून राहिलेल्या माणसाला त्याचं परकेपण कामाचं आहे असं कुणी पहिल्यांदाच सांगत होतं. अर्ज मागं घ्यायची मुदत गणपती बसायच्या आधी संपत होती. त्याआधी सांगतो, असा शब्द त्यांनी देऊन टाकला.

मग सुरू झालं विचारणं. पाटणकरांची रीत एकच, आडवळण नाही. बँकेसमोर मुन्ने मियाँचं चिकनच्या कुर्त्यांचं दुकान होतं. पाटणकर आत शिरले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "मुन्ने मियाँ, दीदी को वोट देंगे?"

मुन्ने मियाँनी हातातला कुर्ता खाली ठेवला, गादीवर जागा करून दिली, चहा मागवला. "पाटणकर साहब, ये भी कोई पूछने की बात है? दीदी तो अपनी हैं."

गोमती नगरात पाटणकरांच्या शेजारी सचिवालयातून निवृत्त झालेले त्रिवेदीजी राहत. ते फाटकाशी झाडांना पाणी घालत होते, दीदींनीच आणून दिलेलं पाणी. "ऐसे लोग राजनीति में आएँ, हम लोग तो यही चाहते हैं," ते म्हणाले, आणि एक जास्वंदीचं फूल अरुणाताईंच्या पूजेसाठी तोडून दिलं. बँकेच्या जीपमधून कर्जाच्या पाहणीला पाटणकर बख्शी का तालाबकडे गेले, तर तिथल्या रामआसरेनं खाटेवर स्वच्छ चादर अंथरली. "दीदी को न देंगे तो किसको देंगे, बाबूजी? हमारे लड़के उन्हीं के हाथ का पानी पिए हैं." येताना जीपमध्ये पेरूंची पिशवी होती.

घरी पाटणकर पेरू कापत बसले होते आणि तोंड थांबत नव्हतं. "पाचामुखी परमेश्वर म्हणतात ना, अरुणा. इथं पाच सोड, पन्नास मुखं एकच बोलतायत."

"तुमचा सफारी शिवायला टाकला होता, तेव्हा अमीनाबादचा दर्ज़ी काय म्हणाला होता?" अरुणाताईंनी विचारलं.

"कल ले जाइए."

"आणि किती उद्या गेले? शेवटी दिवाळीचा सफारी होळीला घातलात. या गावात तोंडावर नाही म्हणत नाहीत हो. ते वाईट दिसतं."

"कपड्याची गोष्ट वेगळी, मताची वेगळी," पाटणकर म्हणाले. त्यांची मुलगी वेदिका बी.ए.ला होती. तिला मराठी सगळं कळे, पण उत्तर हिंदीतूनच येई. ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "मम्मी, पापा को दर्ज़ी और वोटर में फ़र्क़ पता है." पाटणकरांना तोही पाठिंबाच वाटला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दीदींना सांगितलं, "लड़िए. सब आपके साथ हैं." दीदींनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. मुदत संपली, अर्ज राहिला. शिलाई मशीन ही निशाणी मिळाली आणि विधान परिषदेची जागा दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला गेली.

आणि नेमकी तिथून पाटणकरांच्या जिवाची घालमेल सुरू झाली. सांगेपर्यंत सगळं स्वच्छ दिसत होतं, सांगितल्यावर दिसेना. बाईनं आपल्या एका शब्दावर हातातलं सोडलं, ही गोष्ट त्यांना जेवताना, नोटा मोजताना, रिक्षात बसताना आठवू लागली. खात्री करून घ्यायला ते पुन्हा मुन्ने मियाँकडे गेले. या वेळी चहाबरोबर समोसे आले. त्रिवेदीजींनी फुलाऐवजी जास्वंदीचं कलमच लावायला दिलं. पाहुणचार वाढत गेला तशी पाटणकरांची झोप उडत गेली, आणि का ते त्यांना सांगता येईना.

गणपतीत मराठी मंडळींच्या उत्सवाला दीदी आरतीला आल्या. सगळ्यांनी उठून टाळ्या वाजवल्या. अरुणाताईंनी उकडीचे मोदक स्टीलच्या डब्यात भरून त्यांना बरोबर दिले. दीदी गेल्यावर रेल्वेतले इंजिनिअर धैर्यशील घोरपडे पाटणकरांच्या शेजारी येऊन बसले. हा माणूस कोल्हापूरचा, बोलणं फोडणीच्या मिरचीसारखं.

"बाई लाख मोलाची," घोरपडे प्रसादाचं खोबरं चावत म्हणाले. "पण मी काय मत देणार नाही."

इतक्या दिवसांत 'नाही' हा शब्द पाटणकर पहिल्यांदा ऐकत होते. "का?"

"पडणार ना ती. मत वाया घालवू काय?"

"पण घोरपडे, सगळे देणार म्हणतात."

"तुम्ही विचारलंत तरी काय? तुम्ही देणार का, एवढंच ना? आता असं करा, पाटणकर. बाकीचे देतील का, ते विचारून बघा."

पाटणकरांनी विचारलं. तो प्रश्न घेऊन ते पुन्हा त्याच दारांत गेले, आणि त्याच गोड माणसांनी त्याच गोडीनं वेगळीच उत्तरं दिली.

मुन्ने मियाँनी दुकानातल्या पोराला पिटाळलं आणि आवाज खाली आणला. "हम तो दिल से चाहते हैं, साहब. मगर हिंदू भाई देंगे? नहीं देंगे. हमारा वोट बँट गया और वो दूसरे वाले आ गए, तो हम कहाँ जाएँगे?" 'वो दूसरे वाले' म्हणजे कोण, हे सांगायची गरज नव्हती. रोज संध्याकाळी लाऊडस्पीकरवर आग ओकणारा तो उमेदवार सगळ्यांनाच ठाऊक होता. त्रिवेदीजी फाटकाला रेलून म्हणाले, "महिला तो बहुत अच्छी हैं, पर वोट उन्हें पुराने शहर का मिलेगा. इधर वाले उनको उधर का मानते हैं. मैं नहीं मानता, पर लोग मानते हैं." आणि रामआसरेनं खाटेवर तीच चादर अंथरत सांगितलं, "शहर वाले तो दे ही देंगे उनको, बाबूजी. हम अकेले बिरादरी से बाहर जाकर क्या करेंगे?"

पाटणकर जीपमध्ये येऊन बसले. ड्रायव्हरनं काहीतरी विचारलं, ते त्यांना ऐकू आलं नाही. कुणीही खोटं बोललं नव्हतं, हेच त्यांना सगळ्यात जास्त जाचत होतं. प्रत्येकाला दीदी हव्या होत्या. प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवून म्हणत होता, हा देणार नाही, मग मी एकटा कशाला? आणि अशा सगळ्यांची बेरीज करून पाटणकरांनी त्या बाईला उभं केलं होतं. त्यांना स्वतःचा राग आला, लखनौचा आला, आणि खरं बोलले म्हणून घोरपड्यांचा तर फारच आला.

दीदींना सांगावं म्हणून ते एका संध्याकाळी त्यांच्या प्रचाराच्या गल्लीत गेले. दीदी एका ओट्यावर उभ्या होत्या, घसा बसलेला, समोर कशिद्याच्या बायका. त्यांनी दुरूनच पाटणकरांना पाहिलं आणि बायकांना म्हणाल्या, "इन्होंने कहा था, तब मैं खड़ी हुई." सगळ्या बायका वळून बघू लागल्या. आयुष्यभर पाटणकरांच्या ओठांवर तयार असलेले 'गलत है' हे दोन शब्द त्या दिवशी कुठं गेले कोण जाणे. ते नमस्कार करून परतले. सांगूनही आता काय होणार होतं, बैल गेला नि झोपा केला, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली, पण ती काही पटली नाही.

मतदान पितृपंधरवड्यात आलं. घरच्या तिघांनी लवकर अंघोळी केल्या आणि वसाहतीच्या शाळेत जाऊन रांगेत उभे राहिले. वेदिकाचं पहिलंच मत, ती सारखी केस सावरत होती. बोटाला शाई लागली, हातात मतपत्रिका आली, आणि पाटणकर पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेले.

शिलाई मशीन तळाकडे होतं. शिक्का हातात धरून ते त्याच्याकडे बघत राहिले. आणि मग जे विचार त्यांनी गेले दोन आठवडे दुसऱ्यांच्या तोंडून ऐकले होते, ते त्यांच्याच डोक्यात त्यांच्याच आवाजात सुरू झाले. ती पडणारच. मुन्ने मियाँ देणार नाहीत, त्रिवेदी देणार नाहीत, घोरपडे तर नाहीच नाही. मग मी एकट्यानं देऊन काय होणार? ते मत वाया गेलं, तर तो लाऊडस्पीकरवाला येईल. त्याला अडवायचं तर मोठ्या पक्षालाच द्यायला हवं. बाहेरून कर्मचाऱ्यानं खाकरून हाक मारली, "बाबूजी, जल्दी." पाटणकरांनी वरच्या, मोठ्या पक्षाच्या निशाणीवर शिक्का मारला, घडी घातली, पेटीत टाकली.

परतताना रिक्षात अरुणाताई म्हणाल्या, "मी दिलं बाई शिलाई मशीनला."

पाटणकर दचकले. "तू? तूच तर म्हणत होतीस, हे लोक गोड बोलतात म्हणून."

"लोक गोड बोलतात हे लोकांचं. मत माझं होतं ना?"

"ती पडणार आहे, अरुणा."

"पडेल. तुम्हाला कोण हवं एवढंच विचारलं होतं त्या कागदावर. कोण येणार, ते ओळखायचं नव्हतं काही."

"मैंने भी दीदी को दिया," वेदिका म्हणाली. "पापा का तो पूछना ही क्या."

रिक्षावाल्यानं पूल चढताना पायडलवर जोर दिला. पाटणकर बोटावरची शाई अंगठ्यानं घासत बसले. ती जायची नसतेच, पण ते घासत राहिले.

निकाल लागला. दीदींचं डिपॉझिट जप्त झालं. लाऊडस्पीकरवालाच निवडून आला, आणि तोही एवढ्या मोठ्या फरकानं, की पाटणकरांच्या मतानं त्याचं काहीच बिघडलं नसतं. म्हणजे त्यांचंही मत वायाच गेलं. फक्त ज्या बाजूला वाया घालवायला हवं होतं, त्या बाजूला गेलं नाही.

त्या आठवड्यात पाटणकर बँकेतून मागच्या दारानं निघत. मुन्ने मियाँनी हाक मारली तरी घाईत असल्यासारखं करत. घरी गुडघा इतका हलायचा, की एकदा अरुणाताईंनी त्यावर हात ठेवून तो धरूनच ठेवला. "चूक झाली तर जाऊन सांगा त्यांना. तुम्हाला सांगता येतं की सगळं," त्या म्हणाल्या. कुठली चूक, हे त्यांना अर्धंच माहीत होतं.

रविवारी सकाळी फाटकाशी ती खटारा स्कूटर येऊन थांबली. दीदी आत आल्या, दमलेल्या, पण तशाच हसऱ्या. हातात अरुणाताईंचा मोदकांचा डबा होता. "ख़ाली डिब्बा कैसे लौटाती," म्हणून त्यांनी तो रेवड्यांनी भरून आणला होता.

पाटणकर समोर बसले आणि वाट बघू लागले. दीदी रागावतील, निदान विचारतील, असं त्यांना वाटत होतं. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं. दीदी मात्र वेदिकाच्या अभ्यासाचं बोलल्या, त्रिवेदीजींच्या कलमाला पानं फुटली ती बघून आल्या, मग चहा घेत म्हणाल्या, "कल मुन्ने मियाँ ने ज़बरदस्ती दुकान में बिठाया. बोले, दीदी, हमने तो आप ही को दिया था. सब यही कहते हैं. मैं मान लेती हूँ."

"का बरं मानता?" अरुणाताईंनी न राहवून विचारलं.

"और क्या करूँ, भाभी? कल से फिर उन्हीं का मुक़दमा लड़ना है." दीदींनी कप खाली ठेवला आणि पाटणकरांकडे बघितलं. "पर एक वोट का मुझे भरोसा है. गिनती के दिन भी यही सोचती रही. पाटणकरजी साफ़ बोलने वाले आदमी हैं. आपने तो दिया था न?"

अरुणाताई आणि वेदिका हसत पाटणकरांकडे बघत होत्या, कारण त्यांच्या लेखी हा प्रश्नच नव्हता. पाटणकरांनी बोलायला तोंड उघडलं. खरं तिथंच होतं, जिभेच्या टोकावर. पण समोर ती दमलेली बाई होती, तिचा तो भरवसा होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा पाटणकरांना समोरच्याला 'नाही' म्हणवेना.

"दीदी," ते म्हणाले, "ये भी कोई पूछने की बात है?"

दीदींचा जन्म लखनौचा. हे वाक्य त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. त्यांनी क्षणभर पाटणकरांकडे नीट पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू थोडंसं हललं, पण त्यांनी ते पडू दिलं नाही. डब्याचं झाकण काढून तो त्यांच्यापुढं सरकवला.

"लीजिए," त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "रेवड़ी लीजिए."